गोळी की भरडा? पशुखाद्याची निवड आणि तिचे अर्थशास्त्र

(बंगळुरू येथील व्याख्यानाचा मजकूर)



न्यूझीलंडमध्ये 1969 साली हरणांच्या व्यापारी पालनाला कायद्याने परवानगी मिळाली. त्यानंतर तेथे आणि अन्य काही देशांत मांस व कोवळी शिंगे यांसाठी हरणे पाळण्याचा व्यवसाय उभा राहिला. या व्यवसायात एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. हरणांना दाबून तयार केलेले गोळीचे खाद्य द्यावे की मका, ओट, पेंड असे घटक मोकळे दिसतील असा, मळी लावलेला दाणेदार खुराक द्यावा? भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार हरणांचे असे व्यापारी पालन करता येत नाही. बंगळुरूकरांना चितळ पाहावयाचे तर बन्नेरघट्ट्याच्या जैविक उद्यानात जावे लागते, आणि तेथेही प्रेक्षकांनी प्राण्यांना काही खाऊ घालणे हा याच अधिनियमाच्या कलम 38-जे अन्वये गुन्हा आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी परका आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल.

वस्तुतः तो परका नाही. हरीण जसे रवंथ करणारे, तशीच गाय आणि म्हैसही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात 19 कोटी 25 लाख गोवंशीय जनावरे आणि सुमारे 11 कोटी म्हशी होत्या. 2023-24 या वर्षी देशाचे दूध उत्पादन 23.9 कोटी टन होते. दुधाच्या उत्पादन खर्चात चाऱ्याचा व खुराकाचा वाटा सामान्यतः 60 ते 70 टक्के असतो. गोळी की भरडा, हा निर्णय भारतात असंख्य लहान दूध उत्पादक दररोज घेत असतात, आणि त्यांत बंगळुरूच्या भोवतालच्या तालुक्यांतील उत्पादकांचा समावेश मोठा आहे.

बंगळुरूचा संदर्भ

पशुपोषणाच्या अभ्यासात बंगळुरूचे स्थान जुने आहे. 1923 साली येथे पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. 1927 मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी म्हैसूर संस्थानात मुक्काम असताना महात्मा गांधींनी याच संस्थेत काही दिवस गोपालनाचे शिक्षण घेतले होते. पुढे ही संस्था राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे मुख्यालय 1955 साली कर्नाळला गेले, परंतु आडुगोडी येथे तिचे दक्षिण विभागीय केंद्र राहिले. तेथेच 1995 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्था स्थापन केली. दुसरीकडे, सहकारी दूध व्यवसायात देशात दुसऱ्या क्रमांकाच्या मानल्या जाणाऱ्या कर्नाटक दूध महासंघाचा एक पशुखाद्य कारखाना शहराच्या उत्तरेस राजानुकुंटे येथे आहे. गुब्बी, हासन आणि धारवाड येथेही महासंघाचे असे कारखाने आहेत. तेथील गोळी खाद्य गावोगावच्या दूध संस्थांमार्फत उत्पादकाच्या दारात पोहोचते.

या गोळीची स्पर्धा कोणाशी आहे? बंगळुरू ग्रामीण, रामनगर, कोलार या कोरडवाहू भागांत नाचणीचा पेंढा हा जनावरांचा मुख्य आधार. भाताच्या पेंढ्यापेक्षा तो पोषणदृष्ट्या सरस मानला जातो. त्याच्या जोडीला घरचा भरडा, पेठेतून आणलेली भुईमुगाची किंवा सरकीची पेंड, कन्नड मुलखात ज्याला ‘बूसा’ म्हणतात तो गव्हाचा कोंडा, आणि शहरालगतच्या गोठ्यांत बिअरच्या कारखान्यांतून येणारा सातूचा ओला चोथा. महाराष्ट्रातील चित्र फारसे वेगळे नाही. तेथे कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ दूध संघाचे ‘महालक्ष्मी’ पशुखाद्य आहे, आणि घराघरांत पेंड, चुनी व कोंडा भिजवून केलेले आंबोणही आहे. नाचणीच्या पेंढ्याच्या जागी फक्त कडबा येतो.

देशातील समतोल पशुखाद्याच्या इतिहासातील एक दिनांक परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा असा आहे. 31 ऑक्टोबर 1964 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आणंदजवळील कंजरी येथे ‘अमूल’च्या पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन केले. त्या वेळी त्यांनी अजरपुरा या खेड्यात मुक्काम करून सहकाराचे काम प्रत्यक्ष पाहिले. त्यातूनच 1965 साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. श्वेतक्रांतीची कथा सांगताना दुधाच्या टँकरचा उल्लेख सगळेच करतात. ती ज्या प्रसंगापासून सुरू झाली तो प्रसंग खाद्याच्या कारखान्याचा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

गोळीत काय घडते

गोळी तयार करताना सर्व घटक दळून एकजीव केले जातात, वाफेने गरम करून त्यांत मळी मिसळली जाते आणि हे मिश्रण पोलादी साच्याच्या छिद्रांतून दाबून बाहेर काढले जाते. वाफ व दाब यांमुळे पिष्टाचा काही भाग फुलतो, मळी बांधणी करते, आणि थंड झाल्यावर टणक गोळी तयार होते. तिचे फायदे उघड आहेत. आकारमान कमी झाल्याने वाहतूक व साठवण सोपी होते, धूळ उडत नाही, वाया जाणारा अंश घटतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक घासात खनिज मिश्रणापासून पेंडीपर्यंत सारे ठरलेल्या प्रमाणात येते, आणि जनावराला निवड करता येत नाही.

ही निवड हा लहान विषय नाही. हरणांच्या बाबतीत तर तोच कळीचा मुद्दा. निमुळते तोंड आणि लवचीक ओठ यांमुळे हरीण कोवळे, पौष्टिक तेवढे टिपून खाते. दाणेदार मिश्रण पुढे ठेवले की मळी लागलेला मका आधी संपतो आणि खनिजांचा कडवट अंश गव्हाणीत तसाच राहतो. कळपात दांडगे जनावर गोड दाणे खाते, दुबळ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. कागदावर 16 टक्के प्रथिने असलेला खुराक प्रत्यक्षात एका जनावराला कमी आणि दुसऱ्याला अधिक मिळतो. गाय इतकी चोखंदळ नाही; परंतु भरड्यातून आवडते वेगळे काढणे तिलाही जमते.

मग दाणेदार खुराकाची बाजू काय? ती कोटीपोटाची आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या या पहिल्या पोटात सूक्ष्म जीव चाऱ्याचे विघटन करतात. जाड, तंतुमय कण असले की रवंथ होतो. रवंथ झाला की लाळ सुटते, आणि लाळेतील क्षार तेथील आम्लता आटोक्यात ठेवतात. सगळेच बारीक दळून दिले आणि पिष्टमय धान्याचे प्रमाण वाढवले तर आम्ल वाढते, भूक मंदावते आणि दुधातील स्निग्धांश घसरतो. ज्या देशात दुधाचा भाव स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांवर ठरतो, महाराष्ट्रात गायीच्या दुधासाठी 3.5 आणि 8.5 हे आकडे उत्पादकाला तोंडपाठ असतात, तेथे कोटीपोटातील आम्लता थेट दूध बिलात उतरते. वासरांच्या बाबतीत दाणेदार खाद्याची बाजू अधिक भक्कम आहे. पहिल्या काही आठवड्यांत भरड, दाणेदार खाद्य वासरे आवडीने खातात, आणि त्यामुळे रवंथ लवकर सुरू होण्यास मदत होते. प्रौढ दुभत्या गायीला मात्र तंतू मिळण्याचे ठिकाण पेंढा व हिरवा चारा हे आहे. ते पुरेसे असतील तर गोळीपासून धोका नाही. ते नसतील तर दाणेदार खुराकाने उणीव भरून निघणार नाही.

आपल्याकडील अडचण नेमकी येथे आहे. भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेने पूर्वी दिलेल्या एका अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट 35.6 टक्के, सुक्या चाऱ्याची सुमारे 11 टक्के आणि खुराकाची 44 टक्के होती. ज्या घरी हिरवा चारा नाही तेथे सकाळ-संध्याकाळच्या खुराकावर अवाजवी भार पडतो. म्हणूनच आडुगोडीच्या संस्थेने पेंढा, खुराक आणि खनिजे एकत्र दाबून केलेल्या संपूर्ण खाद्याच्या विटांवर काम केले. त्यांत तंतूही येतो आणि जनावराला निवडही करता येत नाही.

किलोचा भाव आणि प्रथिनाचा भाव

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक साधे गणित करून पाहावे. समजा, गोळी खाद्य 30 रुपये किलो असून त्यात 20 टक्के प्रथिने आहेत, आणि भरडा 27 रुपये किलो असून त्यात 16 टक्के प्रथिने आहेत. किलोमागे भरडा तीन रुपयांनी स्वस्त. परंतु एक किलो प्रथिनाची किंमत काढली तर गोळीतून ती 150 रुपये पडते आणि भरड्यातून सुमारे 169 रुपये. भरड्याचा दहावा हिस्सा सांडला किंवा गव्हाणीत राहिला असे धरले तर पोटात गेलेल्या प्रथिनाची किंमत 187 रुपयांवर जाते. केवळ प्रथिनावर निर्णय घेऊ नये, ऊर्जा व खनिजेही मोजली पाहिजेत, हे खरे. तथापि गोणीवरील भाव आणि पोटात गेलेल्या पोषणाचा भाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे या आकड्यांवरून कळते.

आणखी एक खर्च कोणत्याच गोणीवर छापलेला नसतो. आंबोण भिजवणे, प्रसंगी शिजवणे, बादल्या वाहणे ही कामे ग्रामीण भारतात बहुतांशी स्त्रिया करतात. गोळी कोरडीच देता येते. तिच्यामुळे वाचणारा वेळ हा वैकल्पिक खर्चाच्या संकल्पनेचे उत्तम उदाहरण आहे. गंमत अशी की अनेक घरी गोळीदेखील सवयीने पाण्यात भिजवूनच दिली जाते. म्हणजे दाबून गोळी करण्याचा खर्च आधी भरायचा, आणि मग ती विरघळवण्यासाठी कष्टही करायचे.

डोळ्यांना न दिसणारी गुणवत्ता

इथपर्यंतचा हिशेब गोळीच्या बाजूने झुकतो. तरीही अनुभवी शेतकरी गोळीकडे संशयाने पाहतो, आणि त्याच्या संशयाला शास्त्रीय आधार आहे. भरड्यात मका दिसतो, सरकी दिसते, पेंडीला वास असतो, बुरशी लागली तर डोळ्यांना कळते. गोळीत हे सारे पीठ होऊन जाते. खाद्य एकसारखे होते, परंतु पारख करण्याचे साधन शेतकऱ्याच्या हातून निघून जाते.

ही पारख कमी लेखू नये. हैदराबादच्या बाजारातील ज्वारीच्या कडब्याच्या खरेदी-विक्रीचा पशुपोषण शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा पचनीयतेतील अवघ्या पाच टक्के अंकांच्या फरकासाठी सुमारे पाव हिश्शाने अधिक भाव मिळत असल्याचे दिसले. प्रयोगशाळा नसताना व्यापारी आणि ग्राहक रंग, पानांचे प्रमाण व ताटाची जाडी यांवरून हा फरक ओळखत होते. बाजार डोळ्यांनी चालत होता आणि बऱ्यापैकी अचूक चालत होता.

अर्थशास्त्रात वस्तूंचे तीन प्रकार सांगितले जातात. खरेदीपूर्वीच पारखता येणारी वस्तू आणि वापरल्यावर कळणारी वस्तू हा भेद फिलिप नेल्सन यांनी 1970 मध्ये मांडला. वापरूनही जिची गुणवत्ता नीटशी कळत नाही, केवळ विश्वासावर घ्यावी लागते, अशा तिसऱ्या प्रकाराची भर डार्बी व कार्नी यांनी 1973 मध्ये घातली. भरडा हा बहुतांशी पहिल्या प्रकारात मोडतो. गोळी तिसऱ्या प्रकाराकडे सरकते. कारण दूध घटले तर दोष खाद्याचा, उन्हाळ्याचा, की गाय गाभण राहिल्याचा हे उत्पादकाला सांगता येत नाही. 1970 सालीच जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला देऊन दाखवले की विक्रेत्याला जे ठाऊक ते ग्राहकाला नसेल तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. या असममित माहितीच्या सिद्धांतासाठी त्यांना 2001 चे नोबेल पारितोषिक स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले. गोळी खाद्याचा बाजार हे त्या सिद्धांताचे गोठ्यातील उदाहरण होय.

हलका माल चांगला कसा भासवता येतो, हे प्रथिनांच्या मोजणीवरून समजते. प्रयोगशाळा खाद्यातील नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणून ‘क्रूड प्रथिन’ हा आकडा काढते. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे या गणिताने युरियातील ‘प्रथिन’ 287 टक्के भरते. खाद्यात एक टक्का युरिया मिसळला की कागदावरील प्रथिन जवळजवळ तीन अंकांनी वाढते. मर्यादित प्रमाणातील युरिया कोटीपोटातील सूक्ष्म जीव वापरू शकतात, म्हणून भारतीय मानक त्याला एका मर्यादेपर्यंत मुभा देते. प्रमाण वाढले तर मात्र तो विषारी ठरतो. 2008 साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले, त्यामागे नायट्रोजनच्या मोजणीतील हीच फट होती.

दुसरा धोका बुरशीचा. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीजन्य विषाचा माग लागला आणि अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला कळले. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी-1 चा काही अंश एम-1 या रूपाने दुधात उतरतो. पशुखाद्याच्या भारतीय मानकाच्या, आयएस 2052 च्या 2009 च्या आवृत्तीत बी-1 ची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम ठेवण्यात आली, तर दुधातील एम-1 साठी देशाच्या अन्न सुरक्षा नियमांत ती 0.5 मायक्रोग्रॅम आहे. गोळी तयार करतानाच्या वाफेची उष्णता या विषाचा नाश करण्यास अपुरी पडते. बुरशी मरते, तिचे विष तसेच राहते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मका, इथेनॉल आणि गोणीतील बदल

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे, आणि त्याचे कारण गोठ्याबाहेरचे आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2030 वरून अलीकडे आणले गेले आणि 2025 मध्ये देशाने ते गाठले. उसाबरोबरच मक्यापासूनही मोठ्या प्रमाणावर इथेनॉल तयार होऊ लागले. त्यामुळे जो मका पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात जात होता, त्याला आसवनीचा नवा ग्राहक मिळाला. मळीचेही तसेच झाले. त्याच आसवन्यांतून धान्याचा वाळवलेला, प्रथिनयुक्त चोथा बाहेर पडतो. तो स्वस्त असल्याने सोयाबीन पेंडीची जागा घेऊ लागला, आणि पेंडीच्या भावावर दबाव आल्याने सोयाबीन उत्पादक शेतकरी नाराज झाले. एका धोरणाचे परिणाम वाहनाच्या टाकीपासून गव्हाणीपर्यंत कसे पोहोचतात, याचे हे उदाहरण मुख्य परीक्षेच्या उत्तरात उपयोगी पडेल.

गोळीच्या संदर्भात त्याचा अर्थ वेगळा आहे. आसवनीत धान्यातील पिष्ट निघून जाते, म्हणून चोथ्यात प्रथिने सुमारे तिपटीने सांद्र होतात. मूळ मका बुरशीचा असेल तर विषही त्याच प्रमाणात सांद्र होते. चोथा भरड्यात असता तर त्याचा तपकिरी रंग व आंबूस वास शेतकऱ्याने टिपला असता, आणि तो किती आहे याचा अंदाज बांधला असता. गोळीत तो ओळखता येत नाही.

म्हणून निवडीचा निकष गोळीच्या आकारात नसून तिच्यामागे कोण उभे आहे यात शोधावा लागतो. सहकारी कारखान्याच्या बाबतीत उत्पादक हा ग्राहकही असतो आणि तत्त्वतः मालकही. खाद्याचे पैसे दूध बिलातून वळते होतात, आणि हलके खाद्य विकून संघाचेच दूध घटते. या रचनेत फसवणुकीचा मोह कमी राहतो. तो शून्य होतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. निविदेने कच्चा माल घेताना सर्वांत कमी दराचा आग्रह धरला की हलकी पेंड सहकारी गोदामातही शिरते. खासगी क्षेत्रातही नाव टिकवण्याची गरज असलेले उत्पादक दर्जा राखतात. खरा प्रश्न आहे तो गावच्या पेठेत उधारीवर मिळणाऱ्या बिनमानकाच्या गोणीचा. उधारी असली की गिऱ्हाइकाला दुकान बदलता येत नाही, आणि दुकान बदलता येत नसेल तर तक्रारीला वजन राहत नाही.

अशा ठिकाणी शेतकऱ्याने घरचा भरडा निवडणे हा मागासलेपणा नाही. माहितीच्या अभावात जोखीम कमी करण्याचा तो विवेकी मार्ग आहे. ज्याच्याकडे स्वतःचा मका व चुनी आहे, त्याने त्यात आपल्या भागासाठी सुचवलेले खनिज मिश्रण घातले तर हा मार्ग पोषणदृष्ट्याही तोकडा राहत नाही. आडुगोडीच्या संस्थेने विभागनिहाय खनिज मिश्रणांवर केलेले काम या दृष्टीने मोलाचे आहे. राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात, 2011-12 ते 2018-19 या काळात, दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा जो कार्यक्रम राबवला, त्याची दिशाही हीच होती. गावातील प्रशिक्षित व्यक्ती जनावराचे वजन, दूध आणि घरात उपलब्ध असलेले खाद्य यांची नोंद घेई, आणि संगणक त्यातूनच कमीत कमी खर्चाचा आहार सुचवी. गोणी बदला असे सांगण्याआधी घरात काय आहे ते विचारले जाई.

दूध संकलन केंद्रांवर स्निग्धांश मोजणारी यंत्रे आता सर्वत्र आली आहेत. उत्पादकाच्या दुधाची परीक्षा दिवसातून दोन वेळा होते आणि तिचा निकाल पावतीवर छापून मिळतो. त्याला विकलेल्या खाद्याची परीक्षा मात्र क्वचितच त्याच्यासमोर होते. कारखान्याच्या प्रत्येक खेपेचा प्रथिन, ओलावा, युरिया व अफ्लाटॉक्सिन यांचा तपासणी अहवाल संस्थेच्या त्याच फलकावर लावणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि त्याचा खर्च गोणीमागे नगण्य येईल. तोवर उत्पादकाजवळ एकच मोजमाप उरते. नवी गोणी फोडल्यापासून पुढच्या दहा दिवसांच्या बिलात फॅटचा आकडा कोणीकडे सरकला, ते तो पाहतो.